एका डिस्कवर दोन सिनेमे: अर्ध्या बिटाचं गणित

‘एका डिस्कवर दोन सिनेमे कोंबलेत, म्हणजे चित्र निम्मं खराब असणार’ असं डिस्क जमवणारे हमखास म्हणतात. त्यातला संशय रास्त आहे, पण ‘निम्मं’ चूक आहे. ते का चूक आहे हे शोधत गेलं की एका इतक्या देखण्या गणितापाशी पोहोचायला होतं की मला डिस्क हे नुसतं निमित्त वाटू लागतं.

आधी जागेचा हिशेब. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ अब्ज बाइट मावतात. एकाच बाजूला दोन थर असतील तर साधारण ८.५ अब्ज. पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रं दिसतात. डोळा उजेड-अंधाराबाबत जेवढा चोखंदळ असतो तेवढा रंगाबाबत नसतो, म्हणून रंगाचा तपशील आधीच छाटलेला असतो. तरीही ठिपक्यामागे १२ बिट, म्हणजे दीड बाइट, लागतात. या दराने दोन थरांची अख्खी डिस्क नऊ मिनिटांत भरेल!

आणि आपल्याला तर तिच्यावर दोन-दोन तासांचे दोन सिनेमे हवेत. चार तासांत ८.५ अब्ज बाइट वाटले की सेकंदाला ४.७ मेगाबिट येतात. त्यातून आवाजाचा वाटा वजा केला की एका ठिपक्याच्या पदरी उरतो जेमतेम ०.४ बिट. एकच सिनेमा असता तर ०.९च्या आसपास मिळाला असता. बिट म्हणजे एक हो किंवा नाही. मग अर्ध्याहून कमी ‘हो-नाही’मध्ये ठिपक्याचा उजेड आणि रंग सांगायचा कसा?

सांगायचाच नाही. एकेकट्या ठिपक्याबद्दल डिस्क काही बोलतच नाही.

चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येकात उजेडाच्या ६४ संख्या. त्यांच्यावर ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ नावाची क्रिया करतात. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी ती १९७४ साली मांडली. क्रियेनंतरही संख्या ६४च राहतात, पण त्यांचा अर्थ बदलतो. पहिली संख्या चौकोनाचा सरासरी उजेड सांगते. पुढच्या संख्या सांगतात की या चौकोनात उजेडाची संथ लाट किती आहे, तिच्याहून जलद किती, उभी किती, आडवी किती. शेवटची असते ती सर्वांत बारीक बुद्धिबळपटासारखी नक्षी. इथवर काहीच हरवलेलं नाही, उलटी क्रिया केली की मूळ चौकोन परत मिळतो. गंमत अशी की आकाश, भिंत, गाल अशा बहुतेक चौकोनांत पहिल्या चार-पाच संख्या मोठ्या निघतात आणि बाकीच्या शून्याजवळ घुटमळतात.

आता कात्री. प्रत्येक संख्येला एका ठरावीक आकड्याने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकाला न्यायचं. भाजक १६ धरा: ४१चे होतात ३, १२चा होतो १, ७चा शून्य. परत गुणलं की ४८, १६ आणि ०. चूक झाली, पण थोडी. भाजक ३२ केला तर ४१चा १ होतो आणि परत येताना ३२. म्हणजे ७ऐवजी ९ची चूक. १२ मात्र सरळ शून्यात जातो. शून्यांच्या लांब रांगा मोजून एका छोट्याशा खुणेत लिहिता येतात, म्हणून ६४ ठिपक्यांचा अख्खा चौकोन पंचवीसेक बिटांत मावू शकतो. त्यातही शेजारच्या चित्रातून जो चौकोन जवळजवळ जसाच्या तसा उचलता येतो, त्याच्यासाठी फक्त ‘तिथून घे, एवढा सरकव’ एवढंच लिहायचं. वाचलेले बिट अवघड प्रसंगांना मिळतात.

म्हणून बिट निम्मे केले तरी चित्र निम्मं होत नाही. आधी बळी जातात त्या बारीक, फिकट लाटा, ज्या डोळ्याला मुळातच कमी जाणवतात. ढोबळ आकार शेवटपर्यंत टिकतात.

पण पाऊस, धूर, लाटांचं पाणी आणि जुन्या फिल्मचे कण यांच्यापुढे ही युक्ती हात टेकते. फिल्मचे कण प्रत्येक चित्रात वेगळेच पडतात. त्यामुळे शेजारून काही उचलता येत नाही, आणि चौसष्टच्या चौसष्ट संख्यांत थोडं थोडं काहीतरी उरतं. शून्यांच्या रांगाच बनत नाहीत. मग डिस्कसाठी चित्र दाबणारं यंत्र भाजक वाढवतं, आणि पडद्यावर चौकोन उघडे पडतात. दोन-दोनच्या जोडीत स्वस्तात निघतात ते बहुतेक जुने सिनेमे. म्हणजे ज्यांना जागा जास्त हवी, त्यांनाच ती कमी मिळते. हाताने रंगवलेल्या कार्टूनचे सपाट रंग सहज मावतात, पण काळ्या रेघांभोवती बारीक थरथर दिसते, कारण तीक्ष्ण कडा जलद लाटांशिवाय उभी राहत नाही.

जे इथे कापलं गेलं, ते घरातलं कोणतंही यंत्र परत आणू शकत नाही. सीडीच्या कडेला हिरवा मार्कर फिरवला की आवाज सुधारतो, असं छातीठोकपणे सांगणारे होतेच. आज तीच मंडळी सोन्याचा मुलामा दिलेल्या एचडीएमआय केबलने चित्र ‘खुलतं’ म्हणतात. शून्य आणि एक नीट पोहोचत असतील, तर केबलच्या मुलाम्याने त्यांत भर पडत नाही.

घ्यायच्या आधी वेष्टनावरच्या दोन्ही वेळा जोडून पाहा. दीड-दीड तासांची जोडी दोन थरांवर असेल तर सेकंदाला ६.३ मेगाबिट मिळतात, मी ती बिनदिक्कत घेईन. तीन-तीन तासांचे दोन असतील तर ३.१ उरतात आणि हाणामारीच्या प्रसंगांत ते उघड दिसतं. एकाच थरावर दोन-दोन तासांचे दोन सिनेमे म्हणजे २.६, ती डिस्क फुकट मिळाली तरच. दोन्ही बाजूंना एकेक सिनेमा असेल तर जागेची वाटणी होत नाही, मात्र बोटांचे ठसे उमटणार नाहीत एवढं जपा. ब्लू-रेच्या दोन थरांत ५० अब्ज बाइट असतात, म्हणजे चार तासांनाही सेकंदाला जवळजवळ २८ मेगाबिट. शिवाय तिथली चित्र दाबण्याची पद्धतही बहुधा नवी असते. तिथे जोडीवरचा राग निराधार आहे, फक्त सिनेमा मूळ फिल्मवरून नव्याने उतरवलाय की जुन्या व्हिडिओ टेपवरून, एवढं विचारून घ्या.