बाल-यकृत सूत्रण रोग, भारतीय

साधारणतः ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांत यकृतपेशींमध्ये तांबे साचून यकृत तंतुमय व कडक होण्याचा (सूत्रण), पूर्वी बहुधा प्राणघातक ठरणारा विकार. पहिली वर्णने कलकत्त्याची, सुमारे १८८७ मधील मानतात. मूल किरकिरे होते, पोट फुगते, कडक यकृत बरगडीखाली हाताला लागते. पुढे कावीळ व जलोदर.

विकृती : आतड्यातून शोषलेले तांबे प्रवेशिका नीलेने (आतड्याचे रक्त यकृताकडे नेणाऱ्या नीलेने) यकृतात येते. काही भाग सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात बसवून रक्तात सोडला जातो, उरलेला पित्तावाटे बाहेर टाकला जातो. आवक वाढली की मेटॅलोथायोनिन हे प्रथिन जादा तांबे बांधून ठेवते. तेही अपुरे पडले की मोकळे तांबे मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) निर्माण करते व मायटोकॉन्ड्रियाची (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांची) पटले खराब होतात. मेलेल्या पेशींभोवती तंतू विणले जातात. यकृताच्या कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे तांबे एरवी ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या रोगात ते बहुधा ८०० च्या वर जाते. यकृताचा तुकडा ऑर्सीन रंजकाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पेशीत तांबे बांधलेल्या प्रथिनाचे गडद तपकिरी कण दिसतात. नवजात बालकाच्या यकृतात मुळातच तांबे जास्त असते, म्हणून पहिले काही महिने विशेष नाजूक.

कारणमीमांसा : वाद येथेच आहे. भावंडांत रोग आढळतो म्हणून जुने लेखक आनुवंशिकतेकडे झुकत. १९८३ मध्ये ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ टॅनर व त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या वा साठवलेल्या वरच्या दुधाकडे बोट दाखवले. अशा भांड्यातले पाणी फारसे तांबे घेत नाही. दुधातील केसीन मात्र ते धरून ठेवते. इंदूरच्या मराठी घरांतही दूध पितळी पातेल्यात तापवण्याची चाल होती व राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात अशी भांडी मिळत. चालीत दोष नव्हता, प्रश्न कल्हईचा. भांडे भट्टीवर तापवून नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील आत फिरवायचे, की पितळावर पांढरा थर बसतो. रोजच्या घासण्याने तो झिजतो आणि तळाशी पिवळे पितळ उघडे पडते. कल्हईवाला गल्लीत येईपर्यंत त्याच पातेल्यात दूध तापत राही.

ऑस्ट्रियातील टायरोलमध्ये १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाची १३८ बालके नोंदली गेली. तेथेही बिनकल्हईची तांब्याची भांडी होती, आणि ती गेल्यावर रोगही गेला. मात्र त्या कुटुंबांत अप्रभावी जनुकाची (आईवडील दोघांकडून आल्यासच परिणाम दाखवणाऱ्या जनुकाची) शक्यताही दिसते. उलट, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या पाण्यात तांबे बरेच असलेल्या गावांत बालमृत्यूंच्या नोंदी तपासता असा यकृतरोग आढळला नाही. एकट्या तांब्याने रोग होतो असे म्हणणे त्यामुळे धाडसाचे. प्रवृत्ती व आवक दोन्ही लागत असाव्यात. प्रतिबंधापुरता विचार केला तर भांड्याचा पक्ष सरस ठरतो, कारण पुणे परिसरात भांडी बदलल्यावर रोग झपाट्याने घटला. स्टेनलेस स्टीलच्या प्रसारानेही हेच साधले असावे.

उपचार : पेनिसिलामाइन तांबे बांधून लघवीवाटे काढते, लवकर सुरू केल्यासच उपयोग.

निदानभेद : विल्सन रोगात (शरीरात तांबे साचण्याच्या आनुवंशिक रोगात) एटीपी७बी जनुकात दोष असतो व सेरुलोप्लाझ्मिन बहुधा कमी असते; येथे ते प्राकृत किंवा वाढलेले असते. विल्सन रोगात ५ वर्षांच्या आत यकृताची लक्षणे क्वचितच दिसतात.