शिक्षा की शिक्षण? इब्री १२:६ मागची गोष्ट

मयताच्या घरी सांत्वनाला आलेलं कुणीतरी पवित्र शास्त्र उघडतं आणि वाचतं, ‘ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो.’ कोपऱ्यातल्या आईला त्यातला ‘शिक्षा’ एवढाच शब्द ऐकू जातो. आपलं काय चुकलं, हे ती शोधू लागते. म्हणून हे वचन कुठून आलं ते नीट सांगायला हवं.

ते नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं. पत्रकर्त्याने ते जुन्या करारातल्या नीतिसूत्रे ३:११-१२ मधून घेतलं. तिथला हिब्रू शब्द ‘मूसार’, ग्रीकमध्ये ‘पायदेइया’. ‘पाइस’ म्हणजे मूल. त्याला वाढवणं, शिकवणं, वळण लावणं म्हणजे पायदेइया. त्यात छडीही आली, पण शब्द मुळात घरातला, कोर्टातला नव्हे. मराठीतही शिक्षा आणि शिक्षण एकाच धातूतून आलेत, हे आपण विसरलो.

मग त्याच वचनात पुढे, देव स्वीकारलेल्या प्रत्येक पुत्राला ‘फटके’ मारतो असं आहे, ते कुठून आलं? जुन्या हिब्रू लिखाणात स्वरचिन्हं नव्हती. काफ, आलेफ, बेथ ही अक्षरं आज ‘जसा बाप’ अशी वाचली जातात: बाप लाडक्या मुलाला, तसा देव. ग्रीक भाषांतरकारांनी त्याच जागी ‘वेदना देतो’ अशा अर्थाचं क्रियापद वाचलं असावं, आणि त्यांच्या ओळीत फटके आले. पत्रकर्त्याच्या हातात होतं ते हे ग्रीक भाषांतर. एका शब्दाच्या वाचनाने केवढा फरक पडला!

बापाने शिस्त लावण्याची ही कल्पना जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातही (८:५) आहे. माणूस मुलाला शिस्त लावतो तशी देवाने इस्राएलला रानातल्या ४० वर्षांत लावली. तिथेच उपासमार आहे, मान्ना म्हणजे देवाने रानात दिलेलं अन्न आहे, आणि अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत हेही आहे.

पत्राचे वाचक गुन्हेगार नव्हते. विश्वासापायी त्यांची निंदा झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती (१०:३२-३४). अशा थकलेल्यांना पत्रकर्ता शर्यतीचं चित्र दाखवतो. १२:११ मधलं क्रियापद तर आखाड्यातलंच, आपल्या ‘तालीम’ शब्दासारखं.

दुखावलेल्याच्या तोंडावर हे वचन फेकण्याचा धोका शास्त्राला ठाऊक आहे. ईयोब ५:१७ मध्ये दुःखात असलेल्या ईयोबाला त्याचा मित्र अलीफज जवळजवळ हेच बोलतो. शेवटी देव त्याच्यावर आणि त्याच्या दोन मित्रांवर रागावतो. जन्मांधाबद्दल येशू स्पष्ट सांगतो की पाप ना याचं, ना आईबापांचं (योहान ९:३).

त्या घरी वाचायचंच असेल तर सहाव्या वचनाशी थांबू नये. बाराव्यात पत्रकर्ता गळालेले हात आणि लटपटणारे गुडघे सावरायला सांगतो.