लेसर कटर, घरगुती : वायुवीजन व सुरक्षित मांडणी

घरगुती लेसर कटर म्हणजे एकवटलेल्या प्रकाशकिरणाच्या उष्णतेने लाकूड, पुठ्ठा, चामडे, कापड, अ‍ॅक्रिलिक असे पदार्थ कापणारे किंवा त्यांवर कोरीव काम करणारे, टेबलावर मावणारे यंत्र. ‘कापणे’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. करवतीने कापताना भुसा खाली पडतो व तो झाडून भरता येतो. लेसरने कापताना चिरेच्या रुंदीएवढा पदार्थ जळून किंवा वाफ होऊन हवेत जातो. ३ मिमी जाडीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ०.२ मिमी रुंदीची चीर एक मीटर लांब नेली, तर सुमारे ०.७ ग्रॅम पदार्थ नाहीसा होतो. वीस मीटर लांबीच्या कामात हाच आकडा १४ ग्रॅमवर जातो. ही सगळी वाफ ३० घनमीटरच्या बंद खोलीत कोंडली, तर दर घनमीटर हवेत ४५० मिलिग्रॅमहून अधिक वाफ साठेल. तिचा मुख्य घटक असलेल्या मिथिल मेथाक्रिलेटसाठी अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनी आठ तासांच्या सरासरीची जी मर्यादा घातली आहे, ती ४१० मिलिग्रॅम आहे. नवखा माणूस किरणाला भितो आणि धुराकडे ‘थोडा वास येतो’ म्हणून दुर्लक्ष करतो. वास्तविक किरण एकदा नीट बंदिस्त केला की तो प्रश्न बहुतांशी मिटतो, धूर व आग यांचा प्रश्न मात्र दर कामागणिक नव्याने उभा राहतो.

किरणाचे प्रकार : हौशी वापरात प्रामुख्याने दोन प्रकारची यंत्रे आढळतात. पहिल्या प्रकारात कार्बन डाय-ऑक्साइड, नायट्रोजन व हीलियम या वायूंचे मिश्रण भरलेली काचनळी असते. हा लेसर कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केला. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे अवरक्त पट्ट्यात असल्याने तो डोळ्यांना दिसतच नाही. दुसऱ्या प्रकारात अर्धवाहक डायोड असून त्यातून सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा किरण निघतो. निळा किरण डोळ्याच्या भिंगातून आत जाऊन दृष्टिपटलावर बिंदुरूपाने एकवटतो आणि पापणी मिटण्याआधीच कायमची इजा करू शकतो. अवरक्त किरण स्वच्छमंडलातच, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यातच, शोषला जातो व तेथे भाजतो. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६०८२५-१ या मानकानुसार अर्ध्या वॉटहून अधिक शक्तीचा अखंड किरण चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो. या वर्गात थेट किरणच नव्हे, तर खडबडीत पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाशही घातक ठरू शकतो. तोच किरण पूर्ण बंदिस्त पेटीत ठेवला आणि झाकण उघडताच तो आपोआप बंद पडेल अशी सोय केली, तर संपूर्ण यंत्र पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित वर्गात आणता येते. झाकणाला जोडलेल्या या कळीला इंटरलॉक म्हणतात. झाकण उघडे ठेवून काम पाहता यावे म्हणून तिला चिकटपट्टी लावून दाबून ठेवण्याची युक्ती सर्रास केली जाते. तसे करणारा आपले यंत्र स्वतःच्या हाताने पुन्हा चौथ्या वर्गात नेत असतो.

पेटीच्या खिडकीबाबत एक गैरसमज महागात पडतो. साधी काच किंवा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक अवरक्त किरणाला अडवते, त्यामुळे काचनळीच्या यंत्राला तशी खिडकी चालते. निळा किरण मात्र त्याच पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून जवळजवळ अडथळ्याविना आरपार जातो. डायोडच्या यंत्राला त्या तरंगलांबीसाठी बनवलेली नारिंगी किंवा तांबूस गाळणीची खिडकीच लागते. गॉगललाही हाच नियम लागू आहे. त्यावर तरंगलांबी व प्रकाशीय घनतेचा अंक छापलेला असावा. घनता ६ म्हणजे किरणाचा दहा लाखावा भागच पलीकडे जातो. काहीही न छापलेला गॉगल हा नुसता रंगीत चष्मा समजावा, मग तो यंत्रासोबत फुकट आलेला असला तरी. काचनळीच्या यंत्रात किरण वळवणारे आरसे जुळवताना झाकण उघडावेच लागते, म्हणून ते काम शक्ती अगदी कमी ठेवून, एकेका आरशापुढे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून आणि त्यावर किरणाचा क्षणभर ठसा उमटवून करतात.

वायुवीजन : चांगल्या मांडणीत पेटीच्या आतील दाब खोलीतील दाबापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे फटींतून खोलीतली हवा आत ओढली जाते आणि धूर बाहेर पडत नाही. म्हणूनच पंखा यंत्राजवळ न बसवता धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या पार टोकाला, शक्यतो खिडकीत किंवा भिंतीबाहेर बसवतात. पंखा यंत्राजवळ असेल तर त्याच्या पुढची सारी नळी दाबाखाली येते, आणि तिला कुठे बारीकसे छिद्र किंवा सैल सांधा असला तर धूर तेथून घरातच पसरतो. टोकाला असलेल्या पंख्यामुळे तेच छिद्र निरुपद्रवी होते. ते फार तर थोडी स्वच्छ हवा आत ओढते. मांडणीतील हा एक बदल महागड्या पंख्याहून अधिक उपयोगी पडतो.

पंख्यावर छापलेला प्रवाहाचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. नळी, वळणे व जाळी जोडली की तो निम्म्यावरही येऊ शकतो. ठरावीक प्रवाहासाठी नळीतील रोध व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून १५० मिमीऐवजी १०० मिमीची नळी लावली तर तेवढीच हवा ढकलायला सुमारे साडेसातपट दाब लागतो. नळी आखूड, सरळ व आतून गुळगुळीत असावी. सुरकुत्यांची लवचिक नळी वापरायचीच असेल, तर ती पूर्ण ताणून वापरावी आणि प्लॅस्टिकऐवजी धातूची घ्यावी, कारण तीतून केव्हातरी ठिणगी जाणारच. पात्यांचा साधा भिंतीवरचा पंखा रोधापुढे लवकर हार मानतो. त्यापेक्षा केंद्रोत्सारी, म्हणजे हवा मध्यातून घेऊन कडेने फेकणारा, ब्लोअर बरा. १०० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद व ३० सेंमी उंच पेटीतून तासाला ३०० घनमीटर हवा प्रत्यक्षात खेचली गेली, तर आतील हवा मिनिटाला सुमारे २८ वेळा बदलते. अशा आकाराच्या हौशी यंत्राला एवढा प्रवाह सहसा पुरतो.

जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच कुठूनतरी आत यावी लागते, हे अनेकदा विसरले जाते. दार-खिडक्या घट्ट लावून पंखा चालवला तर तो नुसता आवाज करतो. खोलीच्या विरुद्ध बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवावी. ज्या घरात धुराड्याला जोडलेली गॅसची शेगडी किंवा पाणी तापवण्याचा बंब असेल, तेथे तर ही गोष्ट जिवावर बेतू शकते, कारण जोरदार पंखा धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड उलटा घरात ओढू शकतो. बाहेरचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीपासून व स्वतःच्याही उघड्या खिडकीपासून दूर असावे आणि त्यावर पंखा बंद असताना आपोआप मिटणारी झडप असावी.

मांडणी पुरी झाल्यावर ती तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे पेटलेली उदबत्ती. पंखा चालू करून ती झाकणाच्या चारही कडांवरून, हवा आत येण्याच्या जाळीवरून व नळीच्या प्रत्येक सांध्यावरून सावकाश फिरवावी. धुराची रेघ वाकून फटीत शिरली पाहिजे. ती सरळ वर चढत राहिली किंवा बाहेरच्या बाजूला झुकली, तर तेथे ओढ पुरेशी नाही असे समजावे. मागच्या कोपऱ्यात, नळीपासून सर्वांत दूर, हा दोष बहुधा सापडतो.

हवा बाहेर सोडणे अगदीच अशक्य असेल, तेव्हा गाळणी-यंत्र वापरतात. त्यात आधी जाडसर गाळणी, मग ०.३ मायक्रोमीटरचे कण ९९.९७ टक्के अडवणारी हेपा गाळणी आणि शेवटी वायू शोषणारा सक्रिय कोळसा असतो. कोळसा भरत गेला की तो निकामी होतो आणि हे डोळ्यांना दिसत नाही. वास येऊ लागणे हीच पहिली खूण. फॉर्माल्डिहाइड साधा कोळसा नीट धरत नाही व कार्बन मोनॉक्साइड तर धरतच नाही. त्यामुळे गाळणी ही खिडकीची बरोबरी करू शकत नाही, असेच मानणे इष्ट.

न कापायचे पदार्थ : पॉलिव्हिनिल क्लोराइड, म्हणजे व्हिनाइल व बरेचसे रेक्झिन, कधीही लेसरखाली ठेवू नये. त्यातून क्लोरीन निघतो असे सर्वत्र सांगितले जाते. प्रत्यक्षात मुख्यतः हायड्रोजन क्लोराइड निघतो, पण त्याने समाधान मानण्यासारखे काही नाही, कारण ओलाव्याशी मिळून त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. ते फुप्फुसे, आरसे व लोखंडी सरकपट्ट्या या साऱ्यांना खाते. शंका असेल तर पदार्थाचा लहान तुकडा घराबाहेर तपासता येतो : तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला टेकवावी व पुन्हा ज्योतीत धरावी, ज्योत हिरवी झाली तर क्लोरीनयुक्त द्रव्य असल्याचा संशय धरून तो पदार्थ बाजूला ठेवावा. एबीएस प्लॅस्टिकमधून हायड्रोजन सायनाइड निघू शकतो, टेफ्लॉनमधून फ्लोरिनची विषारी संयुगे. पॉलिकार्बोनेट नीट कापले न जाता काळवंडते आणि पेटते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून बनवलेली फळी, चालते, पण त्यातल्या गोंदामुळे फॉर्माल्डिहाइड अधिक निघते. क्रोम वापरून कमावलेल्या चामड्याच्या धुरात क्रोमियमची घातक संयुगे असू शकतात, म्हणून वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे घ्यावे.

आग : लेसर कटरच्या कामात थोडी ज्वाला दिसणे नवीन नाही, ती टिकून राहणे हा धोका. पन्हळी पुठ्ठा यात सर्वांत अविश्वासू, कारण त्याच्या आतील पोकळ्या हवेच्या नळ्यांसारख्या काम करतात. अ‍ॅक्रिलिकची ज्वाला शांत व बिनधुराची असते, त्यामुळे ती उशिरा लक्षात येते. किरणाच्या तोंडाशी हवेचा झोत सोडणारा छोटा पंप वाफ उडवून लावतो, ज्वाला धरू देत नाही आणि भिंगही स्वच्छ ठेवतो. तो बंद पडलेला असताना काम सुरू ठेवू नये. पदार्थ ज्यावर ठेवतात त्या मधपोळ्यासारख्या जाळीखाली साठलेले तुकडे व चुरा हे सरपणच असते. यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही, दाराची घंटा वाजली तरी, आधी काम थांबवायचे. ज्वाला टिकली तर आपत्कालीन कळ दाबून किरण, हवेचा झोत व बाहेर खेचणारा पंखा तिन्ही बंद करावेत, कारण पंखा ज्वाला नळीकडे ओढतो. झाकण शक्यतो बंदच ठेवावे. हाताशी कार्बन डाय-ऑक्साइडचा अग्निशामक असावा; कोरड्या भुकटीचा अग्निशामक आग विझवतो, परंतु भिंगे व विद्युत मंडले बहुधा निकामी करतो. आग हाताबाहेर जात असेल, तर यंत्राचा हा हिशेब अर्थातच करू नये.

वीज व पाणी : काचनळी चालवणारा वीजपुरवठा दहा हजार व्होल्टांहून अधिक दाब निर्माण करतो आणि बंद केल्यावरही काही काळ भार धरून राहू शकतो. यंत्राच्या सांगाड्याला पक्के अर्थिंग हवे. ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक ब्रेकर जरूर बसवावा, पण तो घरच्या वीजमार्गातील गळतीपुरताच आहे. काचनळीच्या बाजूच्या उच्च विद्युत दाबापासून त्याने संरक्षण मिळेलच असे नाही. काचनळीच्या थंडाव्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात, आणि प्रवाह थांबताच किरण तोडणारी कळ जोडतात, कारण पाण्याविना काचनळी काही क्षणांत तडकू शकते.

काम संपल्यावरही पंखा काही मिनिटे चालू ठेवून मगच झाकण उघडतात. ताज्या कापलेल्या अ‍ॅक्रिलिकचा वास तासन्‌तास जात नाही, म्हणून ते तुकडे झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत. प्लायवूडच्या धुरातील चिकट काजळी हळूहळू नळीत व ब्लोअरच्या पात्यांवर थर धरते. हा थर ओढ कमी करतो आणि स्वतःही पेटू शकतो. पात्यांवरची काजळी ओल्या फडक्याने पुसून, नळी काढून झटकून पुन्हा जोडल्यावर उदबत्तीची तीच फेरी नव्याने घेतात, आणि जो मागचा कोपरा पहिल्या दिवशी धूर ओढत होता तो आजही ओढतो का, हे पाहतात.