‘कॅम्प’: उठायचा राहिलेला तळ

पुण्यात ‘कॅम्पात जातो’ म्हटलं की ‘कसला कॅम्प?’ असं कुणी विचारत नाही. मुळात हा शब्द मैदानाचा. लॅटिनमधल्या ‘कॅम्पस’चा अर्थ मोकळं मैदान, आणि रोममधल्या अशा एका मैदानावर फौजेची कवायत चाले. फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला, तेव्हा मैदान मागे पडून त्यावरचे तंबू उरले होते. पुढे गट हाही अर्थ चिकटला. कॉलेजचं कॅम्पस याच घरातलं.

नोव्हेंबर १८१७ च्या सुरुवातीला इंग्रजी पलटणींनी गारपिरावरचा तळ खडकीला हलवला. ५ तारखेला लढाई झाली. पेशवाई गेल्यावर शहराच्या पूर्वेला फौजेचा जो तळ पडला, तो उठलाच नाही. तोच आजचा कॅम्प, सरकारी भाषेत कॅन्टोन्मेंट.

खरा गुंता नावाचा आहे. ‘कॅन्टोन्मेंट’ म्हणजे युरोपात फौजेची तात्पुरती राहण्याची सोय. कायमचं लष्करी ठाणं हा अर्थ त्याला हिंदुस्थानात मिळाला. १९२४ च्या आणि नंतर २००६ च्या कायद्यात तोच आहे. मराठीत त्याला प्रतिशब्द केला ‘कटक’. शब्द जुना, संस्कृत. ‘अटकेपासून कटकेपर्यंत’ म्हणताना आपण घेतो ते ओडिशातलं शहरही त्यावरूनच. पण पुण्यात ‘कटकात राहतो’ असं बोलताना मी कुणालाच ऐकलेलं नाही. ‘छावणी’चंही जमत नाही. मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करत आणि दसऱ्याला बाहेर पडत. आज दुष्काळात चाऱ्याची छावणी उघडते आणि पाऊस झाला की बंद होते. त्या शब्दात उठणं गृहीतच आहे. ‘गोट’ मात्र कॅम्पचा सख्खा भाऊ शोभावा असा: तळही तोच, गटही तोच. साताऱ्यात पंताचा गोट ही आज नांदती वस्ती आहे.

पुण्यानं स्वतःहून निवडला तो फारसीतून आलेला ‘लष्कर’. अर्थ फौज, पण इथे तो जागेचा झाला. पेठांतली म्हातारी माणसं ‘लष्करात जाऊन येतो’ म्हणत आणि पिशवीत पाव-बिस्किटं घेऊन परतत. मेन स्ट्रीटचा महात्मा गांधी रस्ता झाला तरी त्यांचं लष्कर हललं नाही. माझ्या मते कायद्याच्या मराठीनं हाच शब्द उचलायला हवा होता.

२०२३ मध्ये हिमाचलातल्या योलचा कॅन्टोन्मेंटचा दर्जा गेला. पुणे आणि खडकीचा नागरी भाग महापालिकेत घ्यायचा विषयही तेव्हापासून निघतो आहे. तसं झालं तर पाट्यांवरून ‘कटक मंडळ’, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड, जाईल. ‘लष्कर’ इथल्या पोलीस ठाण्याच्या नावात अजून आहे. तेवढं तरी कुणी बदलू नये.