इच्छास्वातंत्र्य : मेंदूविज्ञानातील विचार

माणूस स्वतःच्या निवडीने कृती करतो तेव्हा तिचे कारण त्याची जाणीवपूर्वक इच्छा असते, की त्या इच्छेआधीच मेंदूत सुरू झालेली प्रक्रिया, अशा रूपात इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न मेंदूविज्ञानात चर्चिला जातो. तत्त्वज्ञानात तो पुष्कळ जुना आहे. न्याय-वैशेषिकांनी इच्छा व प्रयत्न हे आत्म्याचे गुण मानले. चार्वाकांच्या मते चैतन्य महाभूतांच्या संयोगातून उद्भवते. यूरोपात नियतत्ववादाची, म्हणजे प्रत्येक घटना आधीच्या कारणांनी पूर्णपणे ठरलेली असते या मताची, सर्वपरिचित मांडणी लाप्लास यांची (१८१४). टी. एच. हक्सली यांनी १८७४ मध्ये जाणिवेला इंजिनाच्या शिट्टीची उपमा दिली : वाफेवर वाजणारी, पण इंजिनाच्या कामात हातभार न लावणारी.

प्रायोगिक चर्चेचा आरंभ सामान्यतः १९६५ पासून धरतात. त्या वर्षी फ्रायबुर्ग येथील कोर्नहूबर व डेके यांनी ऐच्छिक हालचालीपूर्वी सुमारे एक सेकंद, कधी त्याहूनही आधी, मेंदूच्या विद्युत् आलेखात हळूहळू वाढत जाणारा ऋण विभव नोंदवला. यालाच सज्जता-विभव म्हणतात. तो इतका क्षीण असतो की एकेका हालचालीच्या आलेखात सहसा दिसत नाही. हालचालीचा क्षण शून्य धरून अनेक आलेखांची मागे जात सरासरी काढावी लागते. पुढच्या वादाचे मूळ बहुतांशी या पद्धतीतच आहे.

बेंजामिन लिबेट व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या विभवाशी इच्छेच्या क्षणाची तुलना केली. प्रयोगाधीन व्यक्तीने वाटेल तेव्हा मनगट हलवायचे आणि हलवावेसे प्रथम वाटले तेव्हा तबकडीवरचा प्रकाशबिंदू कोठे होता ते सांगायचे. बिंदूची फेरी २.५६ सेकंदांची होती. पूर्वनियोजन नसलेल्या हालचालींत सज्जता-विभव सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होई. इच्छेची नोंद मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधीची असे. त्वचेवरील उद्दीपनाच्या नियंत्रण-चाचणीवरून दुरुस्ती केल्यास ती १५० च्या आसपास येते. इच्छेची जाणीव व हालचाल यांच्यामधल्या वेळात जाणीव कृती रोखू शकते, असे लिबेट यांचे मत होते. त्यांच्या नावावर इच्छास्वातंत्र्याचा सरसकट इन्कार खपवला जातो, ते बरोबर नाही.

डोळ्यांनी पाहिलेल्या स्थानाशी दुसऱ्या अनुभवाचा क्षण जुळवण्यातील अडचण खगोलज्ञांना आधीपासून ठाऊक होती. ग्रिनिच वेधशाळेत ताऱ्यांच्या संक्रमणाच्या (दुर्बिणीतील तार ओलांडण्याच्या) वेळा वेधशाळाप्रमुख मॅस्केलाइन यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा टिपल्याबद्दल किनब्रुक या साहाय्यकाची नोकरी १७९६ च्या सुमारास गेली. असे फरक निरीक्षकागणिक असतातच, हे खगोलज्ञ बेसेल यांनी पुढे दाखवले. त्यामुळे लिबेट यांच्या दोन आकड्यांपैकी दुसरा, म्हणजे स्वकथनावर बेतलेला, अधिक डळमळीत मानावा लागतो.

पहिल्या आकड्याचा अर्थही आता निर्विवाद राहिलेला नाही. शुर्गर, सिट व देहाएन यांच्या २०१२ मधील प्रतिमानानुसार मेंदूतील क्रियाशीलता सतत यादृच्छिकपणे वरखाली होत असते आणि ती उंबरठा ओलांडते तेव्हा हालचाल घडते. उंबरठ्याच्या क्षणापासून मागे सरासरी काढली की असा चढ आपोआप दिसतो; तो आधीच झालेल्या निर्णयाची खूण असण्याचे कारण नाही. उपलब्ध स्पष्टीकरणांत हे अधिक ग्राह्य वाटते. सून, हेन्स आदींनी २००८ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून डाव्या-उजव्या बटणाची निवड दहा सेकंदांपर्यंत आधी वर्तवली, परंतु अचूकता सुमारे ६० टक्के होती. केवळ योगायोगाने ५० टक्के येतेच. फ्रीड व सहकाऱ्यांनी (२०११) रुग्णांच्या मेंदूतील चेतापेशींच्या थेट नोंदींवरून, इच्छेची जाणीव होण्याच्या ७०० मिलिसेकंद आधी, हालचालीच्या निर्णयाच्या भाकितात ८० टक्क्यांहून अधिक अचूकता मिळवली. हा पुरावा तुलनेने भक्कम आहे.

जाणीव कशी निर्माण होते याच्या उपपत्तींपैकी बार्स यांची ‘ग्लोबल वर्कस्पेस’ (१९८८) व टोनोनी यांची ‘एकात्म माहिती’ (२००४) या विशेष चर्चेत आहेत. मेंदूतील प्रक्रियांबरोबर अनुभव मुळात का असतो, या प्रश्नाला तत्त्वज्ञ चामर्स यांनी १९९५ मध्ये ‘कठीण समस्या’ म्हटले. चेतापेशींच्या पातळीवर जाणिवेची स्पष्ट खूण पंचवीस वर्षांत सापडेल, अशी मेंदूवैज्ञानिक कॉख यांनी त्यांच्याशी १९९८ मध्ये लावलेली पैज २०२३ मध्ये चामर्स यांनी जिंकली.

वरील बहुतेक प्रयोगांतील निवडी निरर्थक आहेत : मनगट केव्हा हलवावे, कोणते बटण दाबावे. माओझ व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये संस्थांना देणगी देण्याचे निर्णय तपासले. ज्या निवडीने खरोखर फरक पडत होता, तिच्याआधी सज्जता-विभव जवळजवळ आढळला नाही.