टीव्ही गेममधलं १९४२ आणि खरं १९४२

नव्वदच्या दशकात गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की एखाद्याच्या सामानात टीव्ही गेम असायचाच. त्याच्या ‘इतके इन वन’ कॅसेटमध्ये मारिओ आणि काँट्राच्या जोडीला बरेचदा ‘१९४२’ सापडायचा. रत्नागिरी-चिपळूणकडच्या कितीतरी पोरांनी उडवलेलं पहिलं लढाऊ विमान ते हेच. गेम सेव्ह करायची सोय नव्हती. बत्तीसपैकी कितीही टप्पे पार केलेले असोत, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मूळ गेम जपानच्या कॅपकॉमचा, १९८४ सालचा, नाणं टाकून खेळायच्या मशिनवरचा. तो योशिकी ओकामोतो यांनी केला. त्याआधी कोनामी या कंपनीत असताना त्यांनी ‘टाइम पायलट’ हा विमानांचाच गेम केला होता. १९८५ मध्ये ‘१९४२’ निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरी टीव्हीला जोडायच्या मशिनवर आला, आणि आपल्याकडचे स्वस्त टीव्ही गेम म्हणजे त्या फॅमिकॉमच्याच नकला. लाल विमानांची अख्खी रांग पाडली की ‘पॉव’ हे बक्षीस मिळायचं. गोळ्यांनी चहूकडून घेरलं की विमान कोलांटी मारून सुटायचं, पण कोलांट्या मोजक्याच, त्यामुळे त्या जपून वापराव्या लागत.

जपानी कंपनीने खेळाडूला बसवलं मात्र अमेरिकी विमानात, आणि धाडलं टोकियोवर! परदेशातली बाजारपेठ डोळ्यांसमोर होती. ते विमान म्हणजे पी-३८ लाइटनिंग, दोन इंजिनांचं, दुहेरी शेपटीचं. युद्धात ते जमिनीवरच्या धावपट्ट्यांवरून उडायचं, गेममध्ये ते विमानवाहू जहाजावरून झेपावतं. १९८७ च्या पुढच्या भागात, ‘१९४३: द बॅटल ऑफ मिडवे’मध्ये, तर सालच चुकलेलं आहे. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळची ही लढाई झाली जून १९४२ मध्ये, आणि तिथे पी-३८ नव्हतंच. गेममध्ये बुडवायची ती यामातो युद्धनौका खरोखर बुडाली एप्रिल १९४५ मध्ये.

पण याहून मोलाची गोष्ट आपल्या समुद्राची आहे. १९४२ म्हटलं की आपल्याला चले जाव आठवतं, आणि ते रास्तच आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी आरमार हिंदी महासागरात शिरलं होतं. ५ एप्रिलला कोलंबोवर हल्ला झाला, ६ ला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले, ९ ला श्रीलंकेतल्याच त्रिंकोमालीवर. आपला पश्चिम किनारा यातून वाचला. कोलंबोवर विमानं सोडणाऱ्या जहाजांपैकी अकागी, सोर्यू आणि हिर्यू ही तिन्ही दोनच महिन्यांनी मिडवेला बुडाली. पडद्यावर ज्यांच्याशी पोरं झुंजत होती, त्या जपानी विमानांनी आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर बॉम्ब टाकले होते. ही गोष्ट त्या पोरांना तेव्हाच कुणीतरी सांगायला हवी होती.

पुढे १९९० मध्ये ‘१९४१’, २००० मध्ये ‘१९४४’ आणि २००८ मध्ये ‘१९४२: जॉइंट स्ट्राइक’ आले. जुने गेम २०२१ च्या ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ संग्रहात आहेत, आणि त्यात गेम सेव्हही करता येतो.