कर्नलच्या टेस्ट कधी पास कधी फेल का होतात, त्यामागची पार्श्वभूमी

लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) एखादी टेस्ट शेकडो वेळा पास होऊन मध्येच एकदा फेल झाली की "टेस्टच फ्लेकी आहे, परत रन कर" असं सर्रास म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही, बऱ्याचदा ती एकदाची फेलच खरं सांगत असते.

हे दुखणं तसं जुनंय. १९९६ मध्ये लिनक्स २.० ला एकापेक्षा जास्त सीपीयूचा सपोर्ट आला, पण तो बिग कर्नल लॉकच्या जोरावर, म्हणजे एका वेळी एकच सीपीयू कर्नलमध्ये काम करणार. स्लो होतं पण निवांत होतं. मग हळूहळू त्याच्या जागी छोटे छोटे लॉक आले, २.६ मध्ये तर कर्नलचा कोड चालू असताना मध्येच दुसऱ्या टास्कला सीपीयू द्यायची सोय झाली, आणि २०११ ला २.६.३९ मध्ये तो मोठा लॉक कायमचा गेला. स्पीड मिळाला, पण कोण कधी मध्ये घुसेल याचा नेम राहिला नाही.

असा टायमिंगवर अवलंबून असलेला बग पकडायला प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये मेसेज छापणारं फंक्शन) टाकला तर टायमिंगच बदलतं आणि बग गायब, मग करायचं काय? २००६ मध्ये कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नारचं लॉकडेप (लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात ते तपासणारं टूल) आलं ते इथेच कामाचं ठरलं. एका ठिकाणी आधी ए मग बी लॉक घेतलाय आणि दुसरीकडे कधीतरी आधी बी मग ए, एवढं दिसलं तरी ते ओरडतं, खरा डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी अडकून बसणं) व्हायची वाट बघत बसावं लागत नाही. माझ्या मते कर्नल टेस्टिंगमधला सगळ्यात मोठा बदल हाच.

पण लॉकच नीट नसेल तिथे लॉकडेप काय करणार. डर्टी काऊ हा कर्नलमधला सिक्युरिटी बग आठवा, एक थ्रेड सारखा मॅडव्हाइज (मेमरीचं काय करायचं ते कर्नलला सांगणारा कॉल) मारतोय, दुसरा प्रोक सेल्फ मेममधून (प्रोसेसची स्वतःची मेमरी दाखवणाऱ्या फाइलमधून) लिहितोय, आणि त्या फटीतून रीड ओन्ली फाइल बदलता येते! लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी २००५ मध्येच त्यावर फिक्स टाकला होता, पण एस३९० वर (आयबीएमच्या मेनफ्रेमवर) प्रॉब्लेम आला म्हणून तो काढला गेला. २०१६ मध्ये परत फिक्स करताना त्यांनीच लिहिलं की तेव्हा निव्वळ थिअरीत असलेली रेस (दोघांनी एकाच वेळी एकाच डेटाला हात घालणं) आता घडवून आणणं सोपं झालंय.

२०२० मध्ये ५.८ ला केसीसॅन हे अशा रेस शोधणारं टूल आलं. ते काही मेमरी अॅक्सेस निवडून त्या पत्त्यावर पाळत ठेवतं आणि मुद्दाम थांबतं, साध्या टास्कमध्ये डीफॉल्ट ८० मायक्रोसेकंद, तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूने तिथे हात घातला की दोघांचे स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनमधून तिथे पोचले त्याची यादी) समोर. म्हणून टेस्टमध्ये स्लीप (मुद्दाम थांबणं) वाढवून ती हिरवी, म्हणजे पास, करण्यापेक्षा तीच टेस्ट केसीसॅन लावून चालवा, आणि अॅक्सेस खरंच मुद्दाम लॉकशिवाय केलेला असेल तर रीड वन्स, राइट वन्स किंवा डेटा रेस मॅक्रो लावून तसं कोडमध्येच सांगा, शेजारी कारणाची कमेंट टाकून.